आप्पांच्या खोलीतला फेरा

घरातल्या वस्तू आपसात बोलू लागल्या, तेव्हा त्या बनवणाऱ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पडदा दिव्याला कळवतो, हीटर खिडकीची विचारपूस करतो, पलंग रात्रभर कान टवकारून असतो. माणसाने फक्त लोळायचं. बोलणं सुरू झालं की आज ना उद्या भांडण होतंच, हे एवढ्या शिकलेल्या मंडळींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बहुधा त्यांच्यातलं कुणी एकत्र कुटुंबात राहिलेलं नसावं.

ही भांडणं मिटवणं हे समेटरावांचं काम. हे नाव कचेरीने ठेवलेलं. पाळण्यातलं नाव पगाराच्या दिवसापुरतं वर येई आणि पुन्हा बुडे. त्यांची बायको म्हणायची, की जगाची भांडणं मिटवायला जातात आणि घरातलं सुरू झालं की चप्पल घालून फिरायला जातात. यावर समेटरावांचं उत्तर एकच असे, आणि ते उत्तर ते फिरायला गेल्यावर मनातल्या मनात देत.

त्या दिवशी जेवण करून ते निघाले तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं, पण पडायचं मनात नसलेलं. गल्लीच्या टोकाला एक जुनं, अरुंद, दुमजली घर. खाली शिवणयंत्र आणि हँगरला लटकलेले लोकांचे कोट. अंधुक उजेडात ते कोट दाराशी ताटकळलेल्या माणसांसारखे दिसत होते. दार उघडणारी बाई चाळिशीची असेल. जुने कोट उसवून नव्या मापाचे करून देणं हा तिचा व्यवसाय. गळ्यात टेप, ओठांच्या कोपऱ्यात टाचणी, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की समेटरावांनी आपसूक आवाज खाली आणला.

जिना चढता चढता तिने सगळं सांगितलं. वरच्या खोलीत तिचे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले. कमरेखालचं अंग गेलेलं, डोकं मात्र शाबूत, जरा जास्तच शाबूत. त्यांना कुशीवर वळवणारा पलंग, आपोआप लागणारा दिवा, असं एकेक करून तिने आणलं. रात्रभर उठणं तिला झेपेना म्हणून. आणि आता त्या वस्तूच गप्प बसेनात. आप्पांचा कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या होत्या. हृदय आता जागरण सोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्या पुन्हा येणार होत्या, आणि तोवर आप्पा झोपलेले नसतील तर इस्पितळात हलवायचं ठरलं होतं.

"आणि तिथून ते हा जिना चढून परत येणार नाहीत," ती म्हणाली. जिन्याच्या पायऱ्या लाकडी होत्या. तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की तिच्या आवाजापेक्षा पायऱ्याच जास्त कुरकुरल्या.

आप्पा उशांना टेकून होते. उन्हात राहिलेल्या कागदासारखा चेहरा, पण नजर चोख. त्यांनी समेटरावांना नाव विचारलं. समेटरावांच्या तोंडून का कोण जाणे, कचेरीतलंच नाव गेलं. आप्पांना ते फार आवडलं. म्हणाले, "बसा समेटराव. आमच्याकडे फिर्यादी पुष्कळ आहेत, आरोपी एकही नाही."

भांडण मिटवण्याआधी ते एकदा नीट होऊ द्यावं, अशी या धंद्याची रीत आहे. समेटराव खुर्ची ओढून बसले. लेक, म्हणजे समेटरावांच्या तोंडी ताई, कोपऱ्यात आपल्या स्टुलावर एक कोट मांडीवर घेऊन बसली. खोलीत औषधाचा, लोकरीचा आणि गरम इस्त्रीचा वास होता.

आधी पडदा मिटला. मोटरचा बारीक घूं आवाज, आणि खोली काळवंडली. अंधार झाला म्हणून उशाशी दिवा लागला. दिवा लागला तसे आप्पा चाळवले, त्यांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. माणूस चाळवला म्हणून पलंगाने, मोठ्या मायेने, त्यांची कूस बदलली. कूस बदलून झाल्यावर पायांशी हीटर तांबडा झाला. हवा कोंदली म्हणून खिडकीची झडप उघडली. उघड्या खिडकीतून बाहेरचा उजेड आणि कलकल आत आली, म्हणून पडदा पुन्हा मिटला. दरम्यान ज्याचं काम झालं तो आपापल्या जागी जाऊन पुढच्या पाळीला तयार. खो-खोच्या खेळासारखं चाललं होतं सगळं, फक्त यात कुणी दमत नव्हतं, आप्पा सोडले तर.

एकही वस्तू चुकत नव्हती. चुकत असती तर काम सोपं होतं. प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर होता आणि सगळे मिळून एका म्हाताऱ्याचा जीव घेत होते. समेटरावांना आपली कचेरी आठवली.

त्यांनी हातातल्या टॅबवर खोलीचा कारभार पाहिला. एक गोष्ट खटकली. पडदा ते दिवा ठीक, मध्ये अंधार होता. हीटर ते खिडकी ठीक, मध्ये कोंदट हवा होती. पण पलंग हलला हे हीटरला कळायला मध्ये काहीच नव्हतं. दोघांची ओळख कुणी करून दिलेली नव्हती. तरी पलंग थांबला की हीटर लागत होता, न चुकता. समेटरावांनी तो मुद्दा बाजूला ठेवला. अनुभवी माणसाला न समजलेल्या गोष्टी बाजूला ठेवायला भरपूर जागा असते.

अशा वेळी एक मांडणी करतात. प्रत्येक वस्तूसाठी एक खूण ठेवायची आणि कोण कुणाला जागं करतं त्या क्रमाने रेघ ओढत जायची. रेघ निघाल्या ठिकाणी परत आली की तो फेरा. समेटराव कागद शोधू लागले तसं ताईने बटणांचा डबा आणि दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं. मग टेबलावर ओव्हरकोटाची काळी, शिंगाची, पितळी बटणं मांडली गेली. हे पडद्याचं, हे दिव्याचं, हे पलंगाचं. दोरा सगळ्यांना वळसा घालून पहिल्याशी येऊन मिळाला. या मांडणीत माणसाला घ्यायचं नसतं, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. माणूस वापरणारा, तो वस्तूंत धरत नाहीत. समेटरावांनीही इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता.

फेरा सापडला की त्यातली एक वस्तू बांधायची. दोरीने नव्हे, तिला सांगून ठेवायचं, की कुणी काहीही म्हणो, तू आहेस तशी राहा. कार्यघरात एखाद्या उत्साही काकांना खुर्चीत बसवून ठेवतात तसं. एक जागचा हलला नाही की फेरा तिथेच तुटतो. आणि कुणाला बांधायचं, त्याचाही नियम आहे. ज्याच्यावाचून माणसाचं अडणार नाही, त्याला.

समेटरावांनी दिवा बांधला. पडदा मिटला, अंधार झाला, आणि दिवा लागला नाही. पलंग गप्प. हीटर गप्प. खोलीत इतकी शांतता पसरली, की खालच्या रस्त्यावरून गेलेली सायकल ऐकू आली. आप्पांच्या पापण्या जड झाल्या. ताईच्या खांद्यावरून कुणी ओझं उतरवावं तसे तिचे खांदे खाली आले. ती दबक्या आवाजात चहाचं विचारू लागली, समेटराव नको म्हणता म्हणता हो म्हणाले, आणि तेवढ्यात दिवा लागला.

आप्पांनी डोळे उघडले. पलंग वळला. हीटर तांबडा झाला.

समेटरावांनी टॅबकडे पाहिलं. दिवा बांधलेलाच होता. मग त्यांनी वर पाहिलं. ताई भिंतीपाशी उभी होती आणि तिचं बोट दिव्याच्या बटणावर होतं.

ते हलकेच हसून म्हणाले, की ताई, दिवा तुम्हीच लावलात, सवयीने होतं असं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आपल्या बोटाकडे.

"मी तर चहाचं विचारत होते तुम्हाला," ती म्हणाली. "बसल्या बसल्या."

मांडीवरचा कोट स्टुलाजवळ जमिनीवर पडला होता.

दमलेल्या माणसाच्या हातून असं होतं, असं समेटरावांनी तिलाही सांगितलं आणि स्वतःलाही. दिवा बांधून भागत नसेल तर खिडकी बांधू. त्यांनी खिडकीची झडप बंद करून बांधली. आता हीटर कितीही तापो, खिडकी उघडणार नाही, बाहेरचा उजेड येणार नाही, पडद्याला मिटायचं कारण उरणार नाही. हिशेब चोख होता. ते टेबलाशी बसून खिडकीच्या बटणावरून दोरा काढू लागले. शिंगाचं बटण होतं, कडेला जरासा टवका उडालेलं. कुणाच्या कोटाचं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

आणि मग त्यांच्या तोंडावर गार वारा लागला.

ते खिडकीपाशी उभे होते. झडप सताड उघडी होती. उजव्या तळहातावर कडीचा लाल वळ उमटलेला होता, आणि हाताला जुन्या लोखंडाचा वास येत होता. मागे पडदा मिटायला लागला, घूं आवाज करत, त्यांच्या खांद्याला घासून गेला.

वळून पाहिलं तर ताई स्टुलावर ताठ बसलेली. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"तुम्ही उठलात," ती हळूच म्हणाली, "मी हाक मारली... तुम्ही ऐकलं नाहीत."

समेटरावांनी आयुष्यात पुष्कळ घरं पाहिली होती. एका घरात दाराची घंटा आणि राखणीचा यंत्रकुत्रा रात्रभर एकमेकांवर भुंकत, तेही त्यांनी मिटवलं होतं. भूत वगैरे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ते नेहमी एकच सांगत, की भुताला वीज लागत नाही, तुमच्या घरात जे आहे त्याला लागते. त्यामुळे आता त्यांनी त्यांना सुचलं ते केलं. वीज लागणारं जे जे खोलीत होतं ते सगळं बांधून टाकलं. पडदा, दिवा, पलंग, हीटर, खिडकी. टॅबवर सगळ्यांपुढे बांधल्याची खूण दिसली, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. तो टॅब त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

खोली स्तब्ध झाली. पण ती स्तब्धता आधीसारखी मऊ नव्हती. वर्गात गुरुजी आल्यावर होते तशी होती.

"झालं का बांधून?" आप्पांनी विचारलं. मग लेकीकडे वळून म्हणाले, "बाळ, यांना सांगायला हवं होतं आपण. उगाच त्यांच्या विद्येची परीक्षा."

आप्पा हळूहळू बोलत होते, मध्ये मध्ये श्वास घेत. ते म्हणाले, की याच खोलीत, याच भिंतीला डोकं करून, आधी त्यांची आई झोपून होती. वर्षानुवर्षं. तिचं सगळं त्यांच्या बायकोने केलं. खिडकी लावायची, पडदा ओढायचा, दिवा लावून बघायचं म्हातारीला काय हवंनको, तिची कूस बदलायची. कूस बदलली की पाय उघडे पडायचे, म्हणून पायांशी शेगडी. शेगडीने कोंदायचं, म्हणून खिडकी. की पुन्हा पडदा. ते स्वतः खालच्या खोलीत झोपत. घरातल्या पुरुषांची झोप त्या काळी फार नाजूक समजली जाई, असं त्यांनी डोळे न हलवता सांगितलं. पुढे पुढे बायको झोपेतसुद्धा उठून सगळं करी आणि सकाळी तिला आठवत नसे. मग आई गेली. तरीही बायको रिकाम्या पलंगाशी उठून येतच राहिली. दिवा लावी, चादर वळवी, शेगडी पेटवी. एका पहाटे ती पलंगाला टेकून बसलेली सापडली. हात चादरीत होते.

"मग खोली बंदच होती," आप्पा म्हणाले. "मी पडलो तेव्हा हिने उघडली. हिची आई गेली तेव्हा ही लहान होती, हिने तिला यातलं काही करताना पाहिलेलं नाही. पण महिनाभरात ही तेच करायला लागली. त्याच क्रमाने. झोपेत. मला धडकी भरली, म्हणून मीच हिला म्हणालो, यंत्रं आण. म्हटलं, फेऱ्याला माणूसच लागत असेल तर यंत्रं आली की तो तुटेल."

समेटरावांना पलंग आणि हीटरमधली ती रिकामी जागा आठवली. बाजूला ठेवलेल्या गोष्टी अशा वेळी न बोलावता परत येतात.

ताईने बापाकडे पाहिलं. तिला यातलं निम्मं आजच कळत होतं, हे उघड दिसत होतं. तिने एवढंच विचारलं, की मला का नाही सांगितलंत. आप्पा म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू जागी राहिली असतीस.

बाहेरचा उजेड पिवळसर होऊन उतरायला लागला होता. डॉक्टरीणबाईंची वेळ जवळ येत होती. समेटरावांनी आणि ताईने ठरवलं, की आता दोघांनी हलायचंच नाही. दोन प्रौढ माणसं शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरांसारखी आपापले हात मांड्यांखाली घालून समोरासमोर बसली. समेटराव टेबलावरच्या बटणांकडे एकटक बघत राहिले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. कुणाचा हात निघाला तर दुसऱ्याने सांगायचं.

थोड्या वेळाने समेटरावांच्या लक्षात आलं, की समोरचं स्टूल रिकामं आहे. पडदा अर्धवट मिटलेला होता आणि दिवा लागलेला होता. ताई पलंगाशी वाकून आप्पांच्या खांद्याखाली हात घालत होती. तिचा चेहरा शांत होता, फार शांत. आणि ते स्वतः... ते खुर्चीतून निम्मे उठलेले होते, खिडकीच्या बाजूला वळून.

"समेटराव," आप्पा म्हणाले. "त्या बटणांत माझं कुठंय?"

त्या आवाजाने ताई भानावर आली आणि मागे सरकली.

"तुमचं कशाला असेल, आप्पा," समेटराव म्हणाले. "तुम्ही तर..."

"दिवा लागतो तेव्हा पलंगाला काय दिसतं? मी चाळवलेलो दिसतो. हिलाही तेच दिसतं. मी हललो नाही, तर कूस कशाला बदलायची?"

समेटराव टेबलाकडे गेले. डब्यातून त्यांनी एक पांढरं बटण उचललं, सदऱ्याचं असावं, आणि दिवा व पलंग यांच्या मधोमध ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोरा त्याला बरोबर चिकटून गेला, जणू ती जागा त्याच्यासाठीच सोडलेली होती.

"नियम काय आहे तुमचा?" आप्पांनी विचारलं. "ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला बांधायचं ना?"

ताई काही म्हणायला गेली. आप्पांनी हात जरासा वर केला, गप्प राहण्याची खूण केली.

"पण तुम्ही का चाळवता?" समेटरावांनी विचारलं. "दिव्याने जाग येते म्हणून?"

आप्पांनी मान दिव्याकडे वळवली.

"मी जागाच असतो," ते म्हणाले. "दिवा लागला, की कोण आलंय ते बघतो. दर वेळी वाटतं, या खेपेला दिसेल. एवढी वर्षं ती या खोलीत दिवा लावत होती, आणि मी एकदाही वर आलो नाही." मग म्हणाले, "आता नाही बघणार. लेकीला झोपू दे."

त्यांनी डोळे मिटले.

पडदा मिटला. कुणी ओढला ते समेटरावांनी पाहिलं नाही. कदाचित ताईने, कदाचित त्यांनी स्वतः. दिवा लागला. उजेड आप्पांच्या चेहऱ्यावर पडला. पापणीखाली बुबुळ एकदा हललं, गळ्याशी एक शीर ताठ झाली. समेटरावांना दिसत होतं, की त्या माणसाला डोळे उघडायचे आहेत. पाण्यात बुडालेल्याला वर यायचं असतं तितकं. ताईचे हात त्यांच्या खांद्यापाशी पोहोचले. आणि थांबले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. माणूस झोपलेला होता.

हात तसेच हवेत राहिले, मग हळूहळू खाली आले. ताईने दीर्घ श्वास घेतला आणि डोळे चोळले. तिने स्वतःच, जागेपणी, दिवा मालवला आणि पडदा बाजूला केला. संधिप्रकाश आत आला. आप्पांचा श्वास आता वेगळाच येत होता, खोल आणि जरासा घोरण्याच्या बेताचा. मिटलेले डोळे आणि झोपलेले डोळे यांतला फरक कुणालाही कळतो. हे झोपलेले होते.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दोघांनीही ओठांवर बोट ठेवून त्यांना आत घेतलं. त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावली, घड्याळाकडे पाहिलं. आप्पा हलले नाहीत. बाईंच्या कपाळावरची आठी उतरली. हलवायची गरज नाही, त्या कुजबुजल्या, याच झोपेची वाट बघत होतो, ही मोडू देऊ नका, काहीही झालं तरी. समेटरावांकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, की नक्की काय बिघडलं होतं. समेटराव म्हणाले, साधनांचं आपसात पटत नव्हतं. बाई म्हणाल्या, सगळीकडे तेच आहे, आणि उतरून गेल्या.

ताई त्यांना दारापर्यंत सोडून वर आली, स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकलं. समेटरावांचे आभार मानायला तिने तोंड उघडलं, आणि वाक्य अर्ध्यावर असताना तीही झोपली. टाचणी अजून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात होती. समेटरावांनी ती अलगद काढून टेबलावर ठेवली.

आता निघायला हरकत नव्हती. त्यांनी टॅब पिशवीत घातला. पायऱ्या कुरकुरतील म्हणून चपला हातात घेतल्या. खोलीत दोन श्वास चालू होते, बापाचा खोल, लेकीचा हलका. खिडकीबाहेर समोरच्या घरांतले दिवे एकेक करून लागत होते. समेटराव दारात आले. दिव्याचं बटण दाराला लागूनच होतं, त्यांच्या कोपराशी. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, कामगार आपलं काम बघतो तसं.

पडदा सरकत होता.

मोटरचा आवाज नव्हता. मोटर बांधलेली होती. आणि तो मोटरीसारखा एका चालीने सरकतही नव्हता. आधी निम्मा सरकला. थांबला. मग एका हाताने ओढून पाऊल पुढे टाकावं आणि उरलेला ओढावा, तसा उरलेला सरकला. कडी कडीला हलकी टेकल्याचा आवाज झाला. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून घेतात तेवढी काळजी त्यात होती.

ताई स्टुलावर झोपलेली. आप्पा पलंगावर झोपलेले.

खोलीत पूर्ण अंधार झाला. आणि मग काहीच झालं नाही. समेटराव वाट बघत राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की अंधारसुद्धा वाट बघतोय. आपली पाळी संपवून कुणी पुढच्याकडे वळून बघावं तसा. पुढची पाळी दिव्याची होती. कोपर जरा वर उचलला, की बटण. लावला तर त्या म्हाताऱ्याला पुन्हा सगळं सोसावं लागेल, आणि या खेपेला तो डोळे उघडेलच. समेटरावांनी चपला छातीशी धरल्या. कोपर अंगाला घट्ट लावला. श्वास निम्म्यावर ठेवला. बांधलेली वस्तू राहते तसे ते उभे राहिले.

दोन श्वास चालू होते. बापाचा खोल, लेकीचा हलका.

उभं राहून राहून अवघडलेलं माणूस करतं तसं, त्यांच्या अगदी शेजारी, कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. जमिनीची फळी हलकीच दबली.